मुलांना वाघ शिकवताना: खेळ, उपक्रम, अनुभव

पाऊलखूण

नमस्कार मंडळी,

२९ जुलैला जागतिक व्याघ्र दिन असतो. आमच्या सोसायटीच्या वाचनालयात दर शनिवारी पाच ते बारा वर्षांची मुलं जमतात. यंदा जुलैचे शेवटचे दोन शनिवार वाघासाठी राखून ठेवलेत. दरवर्षी सगळीकडे काय होतं ते ठाऊक आहेच: कागदी ताटलीचा मुखवटा, गालावर काळे पट्टे, 'वाघ वाचवा'च्या घोषणा, शेवटी खाऊ. मुलांना मजा येते, पण वाघ काही कळत नाही. परवा सहज विचारलं, वाघ कुठे राहतो, तर बरीच मुलं म्हणाली, "आफ्रिकेत, सिंहाशेजारी." रानातला वाघ फक्त आशियात आहे. जगातले बहुतेक वाघ भारतात आहेत, आणि २०२२ च्या गणनेनुसार त्यातले ४४४ आपल्या महाराष्ट्रात. तरी आपल्याच मुलांना तो परदेशी वाटतो, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून एक ठरवलंय. माहिती आधी सांगायची नाही. वनरक्षक आणि अभ्यासक रानात जे काम करतात तेच मुलांच्या हातात द्यायचं: माग काढणं, पट्टे जुळवणं, मोजणं, ऐकणं. मग मुलं स्वतःहून विचारतात आणि तेव्हा सांगितलेलं लक्षात राहतं. आतापर्यंत जमवलेलं लिहिते, तुम्ही भर घाला.

खडूचा वाघ. पार्किंगमध्ये पूर्ण वाढलेला नर वाघ खऱ्या मापात काढायचा. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत नऊ-दहा फूट, खांद्याशी उंची तीन फुटांच्या आसपास. टेप मुलांच्याच हातात. चित्र चांगलं आलं नाही तरी चालेल, माप चुकता कामा नये. मग त्या रेघांच्या आत मुलांनी झोपून बघायचं. वजन दोनशे किलो धरलं तर तिसरीतली आठेक मुलं मिळून एक वाघ होतो. हा हिशोब त्यांनाच करू द्यायचा.

पट्टे जुळवणं. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. एवढंच नाही, एकाच वाघाची डावी कूस आणि उजवी कूससुद्धा वेगळी असते. म्हणून रानात कॅमेरे समोरासमोर जोडीने लावतात, म्हणजे दोन्ही बाजूंचे फोटो मिळतात. प्रत्येक मुलाला वाघाच्या दोन कोऱ्या बाह्याकृती द्यायच्या. त्याने त्यावर आपल्या वाघाचे पट्टे काढायचे आणि नाव द्यायचं. मी त्यांच्या छायाप्रती काढणार, काही अर्ध्या कापणार, काही गवताच्या चित्राखाली झाकणार, आणि त्या गॅलरीत, जिन्यात, झाडाच्या बुंध्याला लावणार. मुलांनी फिरून ओळखायचं: हा कोण, कुठे दिसला, कितीदा दिसला. शेवटी आपल्या 'रानात' एकूण वाघ किती ते सांगायचं. फोटो पंचवीस निघतील आणि वाघ नऊच असतील. गणना म्हणजे काय हे मला याहून सोपं करून सांगता येत नाही.

चिंचोके. हा माझा सगळ्यात आवडता. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास चितळांएवढी शिकार लागते. आणि कळप टिकून राहायचा तर त्यातली दहाव्या हिश्शाहून जास्त जनावरं जाऊन चालत नाही. म्हणजे एका वाघामागे पाचशे चितळं. मुलांनी पाचशे चिंचोके मोजून चादरीवर पसरायचे आणि मधोमध एक वाघ ठेवायचा. मग मी विचारणार: उन्हाळ्यात वणव्यात गवत जळालं, किती चिंचोके काढू? पाणवठा आटला, किती काढू? फासे लावणारा आला, किती काढू? तीनशे उरले की वाघाने काय करायचं? बघू, मुलं काय म्हणतात.

अजून काय करता येईल? विशेषतः पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी.

कवडसा

फार छान धागा. चिंचोक्यांचा खेळ उद्याच करते घरी. माझ्याकडे चिंचोके नाहीत, राजमा चालेल ना?

पाऊलखूण

कवडसा, अगदी चालेल. फक्त मोजायचं काम मुलांचंच. पाचशे मोजता मोजता ती दमतात आणि "एका वाघाला एवढे?" असं आपसूक म्हणतात.

हरियल

रानातले इशारे खेळायला घ्या. लहानांना हे खूप जमतं, कारण आवाजच काढायचे असतात.

वानर उंच झाडावर बसलेलं असतं, म्हणून बऱ्याचदा वाघ त्याला आधी दिसतो. ते खकारून ओरडतं. खाली चरणारं चितळ मान वर करून तीक्ष्ण आवाज देतं आणि खुर आपटतं. भेकर भुंकतं. सांबर मात्र सहसा उगीच ओरडत नाही. त्याचा 'ढांक' ऐकू आला की गाइड गाडी थांबवतो.

खेळ असा. एकजण डोळ्यांवर पट्टी बांधून मध्ये, तो वाटाड्या. बाकीची मुलं खोलीभर पांगलेली: दोन वानरं खुर्चीवर, चार-पाच चितळं जमिनीवर, एक सांबर कोपऱ्यात. वाघ कोण ते बाईंनी डोळ्याने खुणावून ठरवायचं. वाघ हळूहळू चालायला लागला की ज्याच्या तो जवळ येईल त्याने आपला आवाज द्यायचा. वाटाड्याने नुसत्या आवाजांवरून हात करून दाखवायचं, वाघ कुठून कुठे चाललाय. चितळांना एकदोनदा खोटी हाक द्यायची मुभा ठेवा, सांबराला नाही. दुसऱ्या डावात मुलं आपोआप सांबराच्या आवाजाकडे कान देऊ लागतात.

त्यानंतर वाघ झालेल्या मुलाला विचारा, शिकार मिळाली का? नाही मिळत. एकदा इशारा झाला की वाघाचा डाव फसला. तो दबा धरून मारणारा प्राणी आहे, लांबवर पाठलाग करणारा नाही. त्याचे बहुतेक प्रयत्न वाया जातात. गोष्टींमधला वाघ झेप घेतो आणि खातो. खरा वाघ बराच काळ उपाशी असतो, हे मुलांना ऐकून खूप नवल वाटतं.

मृगनक्षत्र

माझ्या नऊ वर्षांच्या लेकीचा प्रश्न: एवढा केशरी प्राणी गवतात लपतो कसा? मला धड सांगता आलं नाही. कोणी सांगेल का?

हरियल

मृगनक्षत्र, प्रश्न फार चांगला आहे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, हरणांच्या डोळ्यांत दोनच. त्यांना केशरी आणि हिरवा यात फरक कळत नाही. आपल्याला भडक दिसणारा वाघ चितळाला आसपासच्या झाडोऱ्याच्याच रंगाचा दिसतो, आणि उभे काळे पट्टे उंच गवताच्या सावल्यांत मिसळून जातात. लेकीला एकाच वाघाची दोन चित्रं रंगवायला सांगा. एक केशरी, 'मला दिसतो तसा'. एक मळकट हिरवा, 'चितळाला दिसतो तसा'. दोन्ही कुंपणाच्या झाडीत ठेवून लांबून बघा.

मृगनक्षत्र

अरे वा! धन्यवाद. हे रविवारी करतो.

प्रयोगवही

मी निवृत्त विज्ञान शिक्षक. ठशांबद्दल लिहितो, कारण हा उपक्रम घाईत केला तर वाया जातो.

वाघाचा ठसा शहरात मिळणार नाही, पण कुत्रा आणि मांजर कुठेही मिळतात, आणि शिकायचं सगळं त्या दोघांत आहे. पसरट ट्रेमध्ये बारीक चाळलेली ओलसर माती किंवा वाळू दोन बोटं जाडीची पसरायची आणि रात्री जिन्याखाली ठेवायची. सकाळी ठसे असतात. बोटं चार दिसतात, दोघांचीही. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांचे टोचे असतात, मांजराच्या नसतात, कारण मांजर चालताना नखं आत ओढून घेतं. वाघ हा मांजराच्या कुळातला. तेव्हा रानात भलामोठा ठसा दिसला आणि नखं दिसली नाहीत तर तो मार्जारकुळातला. त्यातही बारा-पंधरा सेंटिमीटर रुंद असेल तर वाघ, बराच लहान असेल तर बिबट्या. नराच्या मागच्या पायाचा ठसा चौकोनी वाटतो, मादीचा थोडा लांबट.

साचा घ्यायचा तर ठशाभोवती जाड पुठ्ठ्याची पट्टी गोल उभी करायची. प्लास्टर ऑफ पॅरिस इडलीच्या पिठाइतपत सरसरीत कालवायचं आणि कडेने हळू ओतायचं. अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. एक गोष्ट ठळक लिहितो: प्लास्टर घट्ट होताना तापतं. मुलांना त्यात हात किंवा बोटं बुडवू देऊ नका. हाताचा साचा घेण्याच्या हौसेपायी भाजू शकतं. आणि उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये ओतू नका, नळी तुंबते.

थोरल्या मुलांना याचा इतिहासही सांगा. पूर्वी वाघांची गणना ठशांवरूनच व्हायची. वनरक्षक काच ठेवून ठसा गिरवायचे, प्लास्टरचे साचे घ्यायचे. २००५ च्या सुमारास राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं आणि देश हादरला. ठशांवरून काढलेल्या आकड्यांवर विसंबून चालणार नाही हे तेव्हा मान्य करावं लागलं आणि कॅमेऱ्यांची पद्धत आली. त्या नव्या पद्धतीने २००६ च्या गणनेत देशात १,४११ वाघ निघाले. २०१८ ला २,९६७ आणि २०२२ ला ३,६८२. आलेख काढायला सातवी-आठवीला दिलात तर मुलं पहिला प्रश्न हाच विचारतील की १,४११ च्या आधीचा आकडा का लिहायचा नाही. मोजण्याची पद्धत बदलली की आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना जपून करावी लागते, हे त्या वयात कळणं मला आलेखाहून मोलाचं वाटतं.

रानजाई

+१ प्रयोगवही सर.

पट्ट्यांच्या खेळाला जोडून एक खरी गोष्ट सांगता येईल. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ आला. मराठवाड्याच्या त्या भागात वाघ! पट्टे जुन्या फोटोंशी जुळवून पाहिले, तेव्हा तो यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला निघाला. मुलांनी जिन्यात जे केलं तेच खऱ्या माणसांनी खऱ्या वाघासाठी केलं, हे ऐकल्यावर त्यांचे चेहरे बघा.

टिपेश्वरचाच दुसरा वाघ म्हणजे वॉकर. २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची वाट कळत राहिली. टिपेश्वरहून निघाला, तेलंगणाच्या आदिलाबाद भागात जाऊन परत आला आणि शेतं, नाले, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटरहून जास्त. नंतरचं भटकणं धरलं तर तीन हजारांच्या वर. भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा लावून दोऱ्याने ती वाट लावायची. मग मुलांनी सांगायचं, आपलं गाव त्या वाटेपासून किती लांब. वाघ फक्त अभयारण्याच्या कुंपणात राहतो हा समज तिथेच जातो.

मैदानावर करायचं असेल तर चार जुन्या साड्या पसरा, ती चार जंगलं. मध्ये चुन्याने रस्ता आखा, दोन मुलं त्यावरून सतत 'गाड्या' होऊन पळतील. वाघांनी एका साडीवरून दुसरीवर जायचं. पहिल्या डावात कोणी सुखरूप पोचत नाही. दुसऱ्या डावात दोघांनी हात उंच करून पूल करायचा आणि खालून वाघ जाऊ द्यायचे. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर असेच मार्ग केले आहेत. एकूण नऊ, त्यातला सगळ्यात लांब ७५० मीटरचा. वर ट्रक धावतात, खालून जनावरं जातात. वाघ त्यांचा वापर करतात हे कॅमेऱ्यांनी टिपलंय.

धानाची_बांधी

धागा वाचतो आहे. मी चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाच्या बफरला (राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्याला) लागून असलेल्या गावात शिक्षक आहे. आमच्याकडची बाजूही मांडतो.

आमच्या वर्गात वाघ आफ्रिकेत राहतो असं कोणी म्हणणार नाही. वाघ कोणत्या नाल्यावर पाणी पितो तेही पोरं सांगतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता. त्या दिवसांत घरची माणसं पहाटे अंधारातच जंगलात जातात, कारण मोहफूल पहाटे पडतं आणि ढोरं येण्याआधी वेचावं लागतं. वाकून फुलं वेचणारा माणूस वाघाला माणूस म्हणून ओळखू येईलच असं नाही. बरेच हल्ले याच दिवसांत होतात. माझ्या वर्गात अशी मुलं आहेत ज्यांच्या घरचं माणूस असं गेलंय. त्यांच्यासमोर 'वाघ आपला मित्र' असा फलक लावायला माझा हात धजत नाही, आणि लावूही नये असं माझं ठाम मत आहे.

पण वाघाबद्दल शिकवायचंच नाही असंही नाही. उलट आमच्याच पोरांना ते सगळ्यात जास्त हवं. आम्ही गावाचा नकाशा करतो. शाळेच्या ओट्यावर रांगोळीने नाला, बोडी (लहान तळं), विहीर, धानाच्या बांध्या, शाळेची वाट, सरपणाची वाट. मग कुठे पंजे दिसले, कुठे बैल मारला, कुठे नुसता आवाज ऐकला, तिथे खडे ठेवायचे. लाल खडा पहाटेचा, पांढरा दुपारचा, काळा सांजेचा. नकाशा भरला की पोरं स्वतःच सांगतात: दुपारचे खडे जवळपास नाहीतच, आणि सगळे खडे नाल्याच्या काठाने आहेत. मग नियम आम्हाला सांगावे लागत नाहीत. पहाटे आणि अंधार पडताना नाल्याकडे जायचं नाही. एकट्याने जायचं नाही, बोलत-आवाज करत जायचं. बसून किंवा वाकून काम असेल तर एकाने उभं राहून लक्ष ठेवायचं. समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरकायचं. बैल मारला असेल तर पंचनामा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही आणि लगेच वनरक्षकाला कळवायचं, म्हणजे नुकसानभरपाईचा अर्ज अडत नाही. पाचवीतली पोरगी घरी जाऊन हे आज्याला सांगते आणि तो ऐकतो.

वाघिणीबद्दल मुद्दाम शिकवतो. तिची पिल्लं दीड-दोन वर्षं तिच्याबरोबर असतात. जन्मतः त्यांचे डोळे मिटलेले असतात. पिल्लं सोबत असलेली वाघीण सगळ्यात धोक्याची, हे पोरांना माहीत असतं. ती तशी का वागते हे कळलं की भीती शहाणी होते. तेवढं मला पुरे आहे.

तुमच्या शहरातल्या कार्यक्रमात एवढंच करा. चिंचोक्यांच्या चादरीवर वाघ ठेवाल, चितळं ठेवाल, तेव्हा कडेला एक गाव पण ठेवा.

पाऊलखूण

धानाची_बांधी दादा, मनापासून आभार. गाव ठेवणारच. मुलांना त्या गावातल्या माणसांची कामंही वाटून देते: एक मोहफुलं वेचणारी, एक गुराखी, एक वनरक्षक, एक शाळेतला मुलगा. वाघाने गावाच्या बाजूचा बैल मारला तर प्रत्येकाला काय वाटेल ते त्याने बोलायचं.

सोनटक्का

दादांचं म्हणणं पटतं, पण पाच वर्षांच्या मुलांना हल्ले, मृत्यू हे सांगायचं का? माझा मुलगा आधीच रात्री घाबरतो.

धानाची_बांधी

सोनटक्का ताई, पाच वर्षांच्या मुलाला मृत्यूची गोष्ट सांगायला मी म्हणत नाही. त्याला एवढंच पुरे: वाघ मोठा आहे, त्याला त्याची जागा लागते, आपण लांबून बघतो, जवळ जात नाही. दहाव्या-अकराव्या वर्षी बाकीचं सांगा, पण सांगा जरूर. शहरातल्या पोरांच्या मनात वाघ म्हणजे एकतर खेळण्यातलं मऊ बाहुलं, नाहीतर राक्षस. दोन्ही खोटं आहे, आणि याच पोरांतली काही पुढे अधिकारी होऊन आमच्याबद्दल निर्णय घेणार आहेत.

सोनटक्का

पटलं. वयाप्रमाणे गट करावेत हे बरं.

वारूळ

आम्ही पालघरकडचे. आमच्या शाळेत वाघबारशीला उपक्रम असतो, तो कोणीच लिहिला नाही म्हणून लिहितो.

शहरात ज्या दिवशी वसुबारस असते, त्याच अश्विन वद्य द्वादशीला आमच्या वारली पाड्यांवर वाघबारस. वाघोबाचं ठाणं गावाच्या शिवेवर असतं. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, शेंदूर लावलेला. आता आमच्या रानात पट्टेरी वाघ नाही, बिबटे आहेत. पण मान वाघोबाचाच. मुलांना आम्ही ठाण्यावर नेतो, चित्र काढायला लावतो आणि मग घरी पाठवतो, म्हाताऱ्यांना तीन प्रश्न विचारायला: हे ठाणं इथेच का? वाघोबाशी काय बोलणं झालंय? तो रागावतो कशाने? उत्तरं वहीत लिहून आणायची. दर वर्षी नवीन गोष्टी येतात. पुस्तकात त्या मिळत नाहीत.

इतर ठिकाणी गोंडांचा वाघदेव आहे, गोव्यात सत्तरीकडे वाघाची जुनी देवस्थानं आहेत. आपापल्या गावाजवळचं ठाणं शोधायला लावा.

म्हादई_काठ

सत्तरीचं नाव निघालं म्हणून. आमच्याकडे वाघ देवळातही आहे आणि रानातही. २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात चार वाघ मारले गेले. वाघाने एका धनगर कुटुंबाची गुरं मारली होती, त्यातून हे झालं. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तिथे व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितलं आणि त्यावर वाद पुढे चालूच राहिला. नववी-दहावीच्या मुलांना या विषयावर दोन गट पाडून बोलायला लावलं. अट एकच ठेवली: अर्ध्या वेळेनंतर बाजू बदलायच्या. धनगर कुटुंबाची बाजू मांडणारी मुलगी नंतर वाघाची बाजू मांडताना जास्त नीट बोलली.

कवडसा

बाजू बदलण्याची कल्पना फार आवडली.

गंधाक्षता

वासाचा उपक्रम राहिलाच की!

वाघ आपली हद्द वासाने आखतो. झाडाच्या बुंध्यावर मागच्या बाजूने फवारा मारतो, आणि दुसरा वाघ तो हुंगून समजतो की इथे कोण राहतं, कधी येऊन गेलं. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी त्या फवाऱ्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यात त्यांना तेच रसायन सापडलं ज्यामुळे बासमती तांदळाला वास येतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन तांदळाचा डबा उघडून हुंगला होता.

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी याहून सोपं काही नाही. झाकणाला भोकं पाडलेल्या छोट्या डब्या घ्या. दोन डब्यांत गरम बासमती भात, दोनांत लवंग, दोनांत ओवा, दोनांत कॉफी. बागेत किंवा हॉलमध्ये ठेवा. प्रत्येक वाघाला एक वास द्या, 'ही तुझी हद्द'. डोळे मिटून हुंगत आपली डबी शोधायची. दुसऱ्याची डबी हाती आली तर गुपचूप मागे फिरायचं, भांडायचं नाही. वाघही भांडण शक्यतो टाळतातच, जखम झाली तर शिकार कशी करणार? पुढे कधी घरी बासमती शिजला की मुलं "आई, वाघ आला!" म्हणतात.

हरियल

गंधाक्षता, हे अफलातून आहे. वह्या भरून टिपणं काढली तरी हे सुचलं नसतं.

सारीपाट

पावसाने मैदान मिळालं नाही तर वाघ-बकरी खेळा. नेपाळात यालाच बाघचाल म्हणतात, तमिळनाडूत थोड्या वेगळ्या पटावर आडू पुली आट्टम. फरशीवर खडूने उभे-आडवे पाच-पाच बिंदू आणि तिरप्या रेघा काढा. चार वाघ चार कोपऱ्यांत. वीस बकऱ्या हातात, एकेक करून पटावर ठेवायच्या. सगळ्या ठेवून होईपर्यंत बकरी हलवायची नाही. वाघ रेघेवरून एक घर सरकतो, किंवा शेजारच्या बकरीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या बिंदूवर जातो आणि ती बकरी मारतो. वाघांना हलायला जागा उरली नाही की बकऱ्या जिंकल्या. बकरीच्या बाजूने खेळणाऱ्याला लवकरच कळतं की कळप मोकळा सोडला की संपलं, पाठीला पाठ लावून उभं राहिलं तर वाघाला उडीच मारता येत नाही. सुपाऱ्या आणि चिंचोके सोंगट्या म्हणून उत्तम.

परदेशी_मंजिरी

आमच्या मराठी शाळेसाठी धागा जपून ठेवला. आम्ही मुलांना इथल्या प्राणिसंग्रहालयात नेणार आहोत, तिथे सायबेरियाकडचे वाघ आहेत. काही सुचवाल?

प्रयोगवही

मंजिरीताई, एकाच पिंजऱ्यासमोर मुलांना पंधरा-वीस मिनिटं बसवा. सगळे पिंजरे पळत बघू नका. वहीत दर मिनिटाला लिहायचं: चालतोय, झोपलाय, हुंगतोय, चाटतोय, पाण्यात बसलाय. कानांच्या मागचे पांढरे ठिपके दिसले का ते बघायचं. डोळ्याची बाहुली घरच्या मांजरासारखी उभी चीर आहे का गोल? (वाघाची गोल असते.) तिथला वाघ थंडीतला म्हणून अंगावर केस दाट आणि रंग फिका. आपल्याकडच्या वाघाचा फोटो शेजारी धरून फरक मुलांनाच शोधू द्या.

पाऊलखूण

सगळ्यांचे खूप खूप आभार. आराखडा असा झालाय. पहिला शनिवार लहानांचा: खडूचा वाघ, वासाच्या डब्या, हरियलचा इशाऱ्यांचा खेळ. दुसरा शनिवार मोठ्यांचा: पट्टे, चिंचोके आणि गाव, वॉकरची वाट. ठशांचे ट्रे आदल्या रात्री ठेवणार. पाऊस असला तर सारीपाट यांचा पट. बाजू बदलून वाद घालायचा कार्यक्रम ऑगस्टमध्ये स्वतंत्र घेते, त्याला घाई नको. मुखवटे लहानांना रंगवू देणार, पण पट्टे प्रत्येकाने स्वतःच्या वाघाचेच काढायचे.

दादा, एक विनंती. आमची मुलं तुमच्या वर्गाला पत्रं लिहितील. वाघाबद्दलचे प्रश्न, शाळेत जाताना वाट कशी असते, असं काही. तुमची मुलं उत्तरं लिहितील का?

धानाची_बांधी

नक्की लिहितील. पण आमच्या पोरांनाही प्रश्न आहेत, ते आधी पाठवतो: लिफ्ट बंद पडली तर काय करता? रात्री अंधार होतो का तुमच्याकडे? तुमच्या गावात कोणता प्राणी आहे ज्याची भीती वाटते? तुमच्या पोरांनी याची उत्तरं दिली की आमची वाघाची देतील. पाकिटं साध्या टपालानेच पाठवा, पोस्टमन वर्गात येतो तेव्हा पोरांना फार आनंद होतो. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की टपाल आठवडाभर अडतं, तेव्हा २९ तारखेची वाट बघू नका. शाळेचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

पाऊलखूण

व्यनि मिळाला. या शनिवारीच लिहायला बसवते.